भरमा तळवाराचं आवतण

बोरगुंडीत कुणाचं लग्न निघालं, कुणाची वास्तुशांत निघाली, नाहीतर पंचायतीची ग्रामसभा लागली, की भरमा तळवार दारात येऊन उभा राहतो. डोक्याची टोपी सरळ करतो, घसा खाकरतो आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचं नाव घेऊन आवतण सांगतो. बसा म्हटलं तर बसत नाही, कारण अजून दोनशे घरं राहिलेली असतात. त्याचं आवतण आल्याशिवाय गावात कोणी कुणाच्या मांडवात पाय ठेवत नाही. पत्रिका छापून येवो नाहीतर फोनवर फोटो येवो, लोक विचारतात, भरमा येऊन गेला का? तो येऊन गेला असेल तरच ते बोलावणं खरं.

सरकारी कागदावर त्याचं पद ग्राम सहाय्यक. गावाच्या तोंडी मात्र तळवार, कारण बाप तळवार आणि आज्जाही तळवार. वय एकोणसाठ, पुढच्या मे महिन्यात काम सुटणार. तलाठी ऑफिसचं कुलूप उघडायचं, नोटिसा वाटायच्या, गाव मराठी आणि सरकार कानडी, म्हणून कानडीत आलेला कागद कुणाचा ते विचारून घ्यायचं आणि संकेश्वरला टपाल पोचवायचं, ही त्याची रोजची कामं. त्यातल्या एकाही कामाचं त्याला कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते वर्षातून एकदा, सुगीच्या तोंडावर येणाऱ्या पीक मापणीचं.

ही मापणी म्हणजे काय ते बोरगुंडीबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. गावात सोयाबीन किती पिकलं हे सरकारला कळायचं कसं? प्रत्येकाची पोती मोजत बसायला माणसं कुठून आणायची? म्हणून कॉम्प्युटर गावच्या यादीतून डोळे झाकून चार रानं निवडतो. त्या प्रत्येक रानात पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा एक चौकोन आखायचा. चौकोन कुठं आखायचा हेही आपण ठरवायचं नाही. दोन आकडे येतात. रानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहून पहिल्या आकड्याइतकी पावलं लांबीला टाकायची, दुसऱ्याइतकी रुंदीला, आणि जिथं पाय थांबेल तिथं खुंटी मारायची. चौकोनातलं पीक कापून, मळून, उफणून वजन करायचं. चार रानांच्या चार वजनांची सरासरी ती सगळ्या गावाची. तेवढ्यावरून तालुक्याचा अंदाज, त्यावरून जिल्ह्याचा, आणि पुढं कुठल्यातरी जाड पुस्तकात राज्याचा.

यातली पावलं टाकायची ती भरमाने. तलाठी बदलले, टेपा बदलल्या, कागद जाऊन फोन आले, पण दोरी आणि खुंट्या तीस वर्षं त्याच्या खांद्यावर. बुटका माणूस, चालताना नेहमी लगबगीत, पण नैर्ऋत्य कोपऱ्यात उभा राहिला की असा जपून पाय टाकायचा की बघणाऱ्यांनीही बोलणं थांबवावं. मोठ्याने आकडे म्हणायचा. मधेच कुणी हाक मारली तर मागं जाऊन पहिल्यापासून सुरू करायचा.

आणि एक गोष्ट तो स्वतःच्या मनाने करायचा, जी कुठल्याही सरकारी कागदात नव्हती. रानांची यादी आली की तो चौघांच्या दारात जाऊन मापाचं आवतण द्यायचा. गावातल्या कुठल्याही कार्याला आवतण लागतं, मग सरकार एवढं लांबून कुणाच्या रानात येतंय, त्या माणसाला वेळेवर सांगायला नको? त्याचं बोलणंही ठरलेलं होतं. 'तुमच्या रानाला माप लागलंय. दसऱ्याच्या मागं-फुडं सरकार यील. रान नीट राखा.' यातलं शेवटचं वाक्य कुणी त्याला शिकवलं नव्हतं. लग्नाच्या आवतणात 'घरदार घेऊन या' म्हणतात, तसं ते त्याच्या तोंडात आपसूक आलेलं.

या वर्षी जुलैत यादी आली तेव्हा तलाठी होती ब्राह्मी पाटील. चिकोडीकडची जैनाची पोर, कानडी शाळेत शिकलेली, मराठी बोलताना मधेच थांबून शब्द शोधायची. नोकरीला दीड वर्ष झालेलं, त्यामुळे नियम अजून पाठ होते. तिने भरमाला चार नंबर वाचून दाखवले आणि सांगितलं, कापायच्या आधी आम्हाला कळवा, एवढंच चौघांना सांगून ठेवा. भरमा हो म्हणाला. 'एवढंच' हा शब्द त्याच्या कानावर पडला, पण मनावर घ्यावा असं त्याला काही वाटलं नाही.

पहिला नंबर कुंथुनाथ चौगुल्यांचा. कुंथुआप्पांची आठ एकर जमीन, त्यातलं दीड एकर सोयाबीन मापाला लागलेलं. आवतण ऐकून त्यांनी भरमाला चहा पाजला आणि संध्याकाळी चार माणसांत ते सांगून टाकलं. दुसरा रवळू, जो एरवी खताची पिशवी उसनी आणायचा. तिसरी अक्काताई, पलीकडच्या वाडीची. आणि चौथी मनुबाई.

मनुबाईची बारा गुंठ्यांची चिंचोळी पट्टी ओढ्याच्या बाजूला. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पोरगा कुपवाडला कारखान्यात. ती रोज दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची आणि स्वतःचं रान सकाळी उजाडताना नाहीतर सांजेला बघायची. कधी कुठल्या यादीत तिचं नाव आलेलं कुणाला आठवत नव्हतं. घरकुलाच्या यादीत दोनदा यायचं राहिलं ते सगळ्यांना आठवत होतं. भरमा दारात उभा राहून 'मनुआक्का, तुझ्या रानाला माप लागलंय' म्हणाला, तेव्हा तिने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग आत गेली आणि साखर घेऊन आली. भरमाने ती उभ्यानेच खाल्ली.

पुढं काय झालं ते सगळ्या शिवाराने बघितलं, पण नजरेत भरलं कुणाच्याच नाही. गणपती आले आणि पाऊस गेला. ऐन शेंगा भरायच्या दिवसांत सव्वीस दिवस थेंब नाही. सोयाबीनची पानं दुपारी मिटायची ती संध्याकाळीही उघडेनात. शेंगा धरल्या, पण आत दाणा जवसाएवढा. माणसं बांधावर उभी राहायची आणि तशीच घरी यायची. फक्त चार रानं हिरवी राहिली. कुंथुआप्पांनी उसाचं पाणी तोडून पाईप सोयाबीनकडं वळवला. ऊस मागं पडला तरी चालेल, पण सरकारसमोर शोभा नको. रवळूने शेजाऱ्याच्या हातापाया पडून विहिरीची पाळी मिळवली. अक्काताईने टँकर बोलावला. आणि मनुबाई ओढ्याच्या डोहातून घागर भरून आणून तांब्या-तांब्याने बुडख्यात पाणी घालत राहिली. लोक हसले तिला. ती म्हणाली, माप लागलंय माझ्या रानाला.

ऑक्टोबरात पहिलं माप कुंथुआप्पांच्या रानात झालं. त्यांनी बांधावर ताडपत्री टाकली होती, केळी ठेवली होती. ब्राह्मीने फोन उघडून आकडे वाचले, भरमाने पावलं टाकली, खुंट्या मारल्या, दोरी ताणली. बायकांनी चौकोन कापला, काठ्यांनी झोडपला, सुपाने उफणला. वजनकाट्यावर आकडा आला पाच किलो तीनशे ग्रॅम. कुंथुआप्पांचा चेहरा उजळला. ब्राह्मीने काट्याचा फोटो काढला, तो अपलोड केला आणि मग बांधाच्या पलीकडच्या रानाकडं बघत राहिली. तिथं गुडघ्याएवढी वाळकी काटकं उभी होती. दोन रानांत फक्त एका बांधाचं अंतर. तिने विचारलं, इथं एवढं कसं आलं? आप्पा म्हणाले, राखलं म्हणून आलं. चार दिवसांनी रवळूच्या रानात चार किलो आठशे ग्रॅम भरलं.

आता विम्याची गोष्ट. बोरगुंडीतल्या तीनशे खातेदारांनी सोयाबीनचा विमा उतरवला होता. विमा एकेकट्याच्या रानावर मिळत नाही, गावावर मिळतो. गेल्या सात वर्षांच्या मापांतून गावाचा उंबरठा काढलेला असतो. या वर्षी तो चौकोनामागं तीन किलो शंभर ग्रॅम होता. चार मापांची सरासरी त्याच्या खाली आली तर सगळ्यांना भरपाई, वर गेली तर एकालाही नाही. पाच तीनशे आणि चार आठशे. उरलेल्या दोन रानांत याच्या अर्धं जरी भरलं तरी गाव उंबरठ्याच्या वर. आणि सगळ्या शिवारात एका चौकोनाला किलोभर दाणा निघायची मारामार.

काट्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला. पहिल्यांदा लोक गोंधळले, मग चिडले. दोन दिवसांत गावाला उत्तर सापडलं आणि ते उत्तर होतं ब्राह्मी पाटील. पोरगी नवीन आहे, भरपाई टाळायला विमा कंपनीवाल्यांनी तिला गाठलं, तिने काटा दाबला. कुणी म्हणालं पाकीट मिळालं, कुणी पाकिटाचा आकडाही सांगितला. ऑफिसच्या भिंतीवर कोळशाने तिच्या नावापुढं काहीतरी लिहिलं गेलं. सकाळी कुलूप उघडायला गेलेल्या भरमाने ते पहिल्यांदा वाचलं आणि ओल्या फडक्याने पुसून काढलं. ती आली तेव्हा भिंत ओली होती. तिने विचारलं नाही, पण दिवसभर मान वर करून बोलली नाही.

त्या ओल्या भिंतीकडं बघताना भरमाला कळलं. काटा बरोबर होता, पावलं बरोबर होती. चूक त्याच्या आधीची, जुलैतली, त्याच्या तोंडची. बाळाबाई, त्याची बायको, आमटीचा थेंब तळहातावर घेऊन सगळ्या भांड्याचं मीठ सांगते, पण आधी आमटी ढवळून घेते. कॉम्प्युटर गाव ढवळून चार थेंब काढत होता आणि भरमा जाऊन त्या चार थेंबांत आधीच मीठ टाकून येत होता. तेही एक वर्ष नाही, तीस वर्षं. बोरगुंडीचं पीक तालुक्यात पहिलं म्हणून एकदा तहसीलदारांनी हार घातला होता, तोही आता त्याला आठवला.

सांगायला हवं होतं, हे त्याला त्या क्षणीच समजलं. पण काय सांगायचं? तीस वर्षं आपण जो मान समजत होतो ती चूक होती, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणं सोपं नसतं, आणि काम सुटायला सात महिने उरले असताना तर नाहीच. कारवाई झाली असती. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या हातातली दोरी गेली असती. ही एक गोष्ट सोडली तर भरमाकडं स्वतःचं म्हणावं असं फार काही नव्हतं. तो दोन दिवस गप्प राहिला. मला त्याचा राग येत नाही.

तिसरं माप मनुबाईच्या रानात लागलं. आदल्या दिवशी सकाळी कुंथुआप्पांनी भरमाला बोलावून घेतलं. त्यांचं स्वतःचं बाकीचं सोयाबीन वाया गेलेलं आता त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. ते म्हणाले, मनुबाईला जाऊन सांग, आज म्हसरं सोड रानात, खाऊ दे काय खातील ते. गावाचं भलं होईल, आम्ही तिला चार पोती देऊ. हा निरोपही अर्थात भरमानेच न्यायचा होता.

मनुबाई रानातच होती. तिने बांध झाडून काढला होता. साहेब लोक येणार म्हणून वाटेतली बाभळीची फांदी तोडून बाजूला टाकली होती. त्याला बघून ती उठली आणि रानभर हात फिरवून दाखवलं. एका शेंगेत तीन-तीन दाणे. तिच्या डाव्या हाताला फडकं बांधलेलं होतं, घागरीच्या काठाने कापलेलं.

'कुंथुआप्पापेक्षा जास्त यील का रं?' तिने विचारलं.

भरमाच्या तोंडातून म्हशींचा निरोप निघाला नाही. येईल, म्हणाला, आणि परत आला. घरी बाळाबाईला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'तिचं रान मोडू नगंस. आन त्या पोरीचं नाव बी खराब करू नगंस. मोडायचं तर तुझं मोड.' एवढं बोलून तिने त्याच्या ताटात भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी मनुबाईच्या बांधावर निम्मं गाव जमलं होतं. आदल्या दोन आकड्यांवरून ओरड झाल्यामुळे बेळगावहून सांख्यिकी खात्याचे कणबरकर साहेब स्वतः आले होते. पिरनवाडीचा माणूस, नोकरीची पंचवीस वर्षं अशीच बांधाबांधांवर गेलेली. कंपनीचा एक प्रतिनिधीही होता, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून उभा. मनुबाईने लग्नात नेसतात तसं नवं लुगडं नेसलं होतं. ब्राह्मीने फोन काढला. आकडे अजून उघडायचे होते. भरमा नैर्ऋत्य कोपऱ्यात उभा राहिला, आणि तिने आकडे उघडायच्या आतच खांद्यावरची दोरी काढून खाली ठेवली.

'सायेब, हे रान मापू नगा,' तो म्हणाला. 'हे गावासारखं न्हाय. ह्याला मी आवतण दिलंय.'

कणबरकर साहेबांना आधी कळलं नाही. मग भरमाने सगळं सांगितलं, जुलैपासून, शेवटच्या वाक्यासकट. चौघांच्या दारात गेलो होतो, रान नीट राखा म्हणालो होतो, म्हणून त्यांनी राखलं. म्याडमने नुसतं कळवा म्हणून सांगितलं होतं. काटा बरोबर आहे, म्याडम बरोबर आहेत, चुकलो तो मी. हे बोलताना तो साहेबांकडं बघत नव्हता, बांधावरच्या लोकांकडं बघत होता.

'किती वर्षं देताय आवतण?' साहेबांनी विचारलं.

'तीस.'

तीस वर्षांच्या आकड्यांचं काय करायचं याचा नियम कुठल्याच पुस्तकात नसावा. साहेबांनी बांधावर बसून कागद लिहिला. झालेली दोन मापं सरकारकडं गेली, ती परत येत नाहीत. त्यांच्यावर शेरा लिहितो. मनुबाईचं आणि अक्काताईचं रान रद्द, त्यांच्याऐवजी राखीव यादीतली दोन रानं आजच्या आज मापू. आणि तिसरी ओळ, यापुढं या इसमास पीक मापणीच्या कामात घेऊ नये. ती वाचून दाखवताना त्यांचा आवाज खाली आला. माणूस चांगला होता. भरमाने मराठीत सही केली.

राखीव रानांत एकात नऊशे ग्रॅम निघालं, एकात एक किलो. पावलं कृषी खात्याच्या एका पोराने टाकली, भरभर. चारही रानांची सरासरी बरोबर तीन किलो, उंबरठ्याच्या शंभर ग्रॅम खाली. भरपाई मिळेल, पण विम्याच्या शंभर रुपयांमागं तीन. गावाने भरमाचे आभार मानले नाहीत. काही जण म्हणाले, आधीच बोलला असता तर? तेही खरंच होतं. पण ऑफिसच्या भिंतीवर पुन्हा काही लिहिलं गेलं नाही, आणि ज्याने पाकिटाचा आकडा सांगितला होता तो दाखल्यासाठी आला तेव्हा ब्राह्मीला ताई म्हणाला.

हे सगळं होऊन आठ दिवस झाले. शिवार मोकळं झालं. फक्त एक पट्टी उभी राहिली, मनुबाईची. शेंगा वाळून तडकायला लागल्या, दुपारच्या उन्हात टकटक आवाज यायचा, दाणे जमिनीवर पडायचे. बायका म्हणाल्या, काप की गं. ती म्हणायची, माप झाल्याशिवाय कापू नको म्हणून सांगितलंय.

भरमाला हे बाळाबाईकडून कळलं. तो त्याच दुपारी गेला. मनुबाई बांधावर बसली होती, जुन्या लुगड्यात. तिने त्या दिवशी ऐकलं होतं, तरी त्याने पुन्हा सांगायला सुरुवात केली की आक्का, ते रद्द झालं, आता कापायला हरकत नाही.

'रद्द कशापायी?' ती म्हणाली. 'माझं रान चांगलं हाय म्हणून?'

तिने ओरडून भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त आपला फडकं बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, 'सव्वीस दिस पाणी घातलंय रं भरमा. सरकारला नगं असंल तर ऱ्हाऊ दे. तू आवतण दिलंस, तू माप.'

दोरी आणि खुंट्या ऑफिसात जमा झाल्या होत्या. भरमा तिथं गेला आणि ब्राह्मीसमोर उभा राहिला. मागायची लाज वाटत होती, पण मागितलं. तिने विचारलं कशाला, त्याने सांगितलं. तिने कपाट उघडलं, दोरी काढली, स्वतःची पर्स घेतली आणि ऑफिसला कुलूप लावलं. मी पण येते, म्हणाली.

रानात पोचल्यावर ती म्हणाली, मापायचंच तर नीट मापू. रद्द झालेल्या मापाचे दोन आकडे फोनमध्ये अजून तसेच होते, त्या दिवशी न उघडलेले. तिने ते उघडले. लांबीला एकाहत्तर, रुंदीला एकोणीस. भरमाने टोपी सरळ केली आणि नैर्ऋत्य कोपऱ्यातून पहिलं पाऊल टाकलं. मनुबाई बांधावरून त्याच्या बरोबरीने चालत होती. पन्नासपर्यंत तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. साठाच्या पुढं ती मागं राहायला लागली. एकाहत्तरावर भरमा थांबला, वळला, रुंदीला एकोणीस टाकली आणि खाली बघितलं.

तो पट्टीचा ओढ्यापासून सगळ्यात लांबचा कोपरा होता. तिथली झाडं वीतभर, शेंगा चपट्या, पानं कधीच गळून गेलेली. शेजारच्या कुठल्याही रानासारखी.

मनुबाई हळूहळू तिथं आली. 'चौथ्या दिशीच कंबर धरली,' ती म्हणाली. 'हितवर घागर आणवंना. म्हटलं एवढ्यात कोण बघायला येतंय.'

ब्राह्मीच्या मनात आलं ते तिने हळूच बोलून टाकलं, 'भरमाण्णा, तुम्ही त्या दिवशी गप्प राहिला असता तरी इथं हेच पडलं असतं.'

'पडलं असतं म्याडम. मला काय ठावं?' तो म्हणाला. मग त्याने मनुबाईकडं बघितलं. तीस वर्षांत भरमाने एकही खुंटी इंचभर सरकवली नव्हती. एकदा आमदाराच्या भावाने सांगून बघितलं होतं, तेव्हाही नाही. आता तो म्हणाला, 'आक्का, धा पावलं मागं घेतो. हे काय कुठं लिवायचं न्हाय. तिकडं लई झॅक पीक हाय.' ब्राह्मीने दुसरीकडं तोंड फिरवलं, म्हणजे तिचीही ना नव्हती.

मनुबाईने त्या कोपऱ्याकडं बघितलं, मग मागच्या भरलेल्या झाडांकडं.

'न्हाय,' ती म्हणाली. 'हाय तितंच मार. त्यो बी माझाच कोपरा हाय.'

भरमाने खुंटी मारली. तिघांनी मिळून चौकोन कापला. ब्राह्मीला विळा धरता येत नव्हता, ती पेंड्या उचलत होती. मळलं, उफणलं, काट्यावर ठेवलं. एक किलो शंभर ग्रॅम. ब्राह्मीने मनुबाईचं नाव आणि तो आकडा एका कोऱ्या कागदावर लिहिला, खाली तारीख टाकली, सर्व्हे नंबर टाकला, सही केली आणि ऑफिसचा शिक्का पर्समध्ये नव्हता म्हणून हळहळली. मनुबाईला वाचता येत नव्हतं. तिने भरमाला विचारलं, यात माझं नाव आहे का? त्याने बोट ठेवून दाखवलं. तिने कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि विळा उचलला. उद्या दोन बायका लागतील, म्हणाली, बाळाबाईला विचार येते का.